वाट चुकलेले मूल आणि आपण



गावात काही चोरीला गेले, की पारावर दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला, "कोणी केलं?" आणि दुसरा, "त्याला आता काय शिक्षा करायची?" चोर मोठा माणूस असेल तर या दोन प्रश्नांवर काम भागते, असे आपण मानतो. पण चोर चौदा-पंधरा वर्षांचा पोर निघाला, म्हणजे आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. तो मात्र फारसा कोणी विचारीत नाही. तो प्रश्न असा : "या पोराच्या वाट्याला आजवर काय काय आलं?" आज आपण या तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलणार आहोत.

एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका गावाचे नाही, कोणा एका मुलाचेही नाही. पण तुम्हाला ते अनोळखी वाटणार नाही. समजा, ऐन उन्हाळ्यात एका शेतकऱ्याच्या विहिरीवरील मोटारीची केबल रात्रीतून कापून नेली. भुईमुगाच्या पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या. नुकसान मोठे झाले. शोध घेता कळले, की दोघा थोराड पोरांनी नववीतल्या एका मुलाला पुढे घातले होते. केबल जाळून आतले तांबे काढले, तालुक्याच्या भंगारवाल्याला विकले आणि मुलाच्या हातावर थोडे पैसे टेकवले. मोठे दोघे पसार झाले. सापडला तो हा पोर. लोकांनी त्याला चार तडाखे दिले, आणि "जातीचाच चोर, बापाच्या वळणावर गेलाय" असा निकालही देऊन टाकला.

आता या निकालाच्या मागे जाऊ या. शेजारणीला ठाऊक होते, की त्याचा बाप पिऊन येतो आणि पोराच्या देखत त्याच्या आईला मारतो. तीन वर्षांपूर्वी एका रात्री ती माउली माहेरी निघून गेली, ती परत आली नाही. मग आजीने त्याला सांभाळले. गेल्या पावसाळ्यात तीही गेली. शाळेतल्या गुरुजींना ठाऊक होते, की सातवीपर्यंत हा मुलगा एक दिवस चुकवीत नसे आणि आता आठवड्यातून दोनदा वर्गात दिसतो, तोही पेंगत. किराणा दुकानदाराला ठाऊक होते, की संध्याकाळी तो उधारीवर बिस्किटांचा पुडा नेतो आणि तेच त्याचे जेवण असते. एस. टी. स्टँडवरच्या चहावाल्याला ठाऊक होते, की बाप तर्र होऊन आला, की हा पोर स्टँडच्या बाकावर येऊन निजतो.

पाहा बरं! सगळी हकीकत गावाला ठाऊक होती. पण तिचा एकेक तुकडा एकेकाच्या खिशात होता. ते तुकडे एकत्र कोणी केलेच नाहीत. ते जोडले गेले ते पोर पकडले गेल्यावर. आणि तेव्हा ते ऐकायला कोणाला सवड नव्हती.

तुम्ही म्हणाल, ही एका मुलाची गोष्ट झाली. हिच्यावरून काय ठरवायचे? खरे आहे. म्हणून आता ज्यांनी या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला, त्यांच्याकडे वळू.

लंडनमध्ये जॉन बोल्बी नावाचे डॉक्टर मुलांच्या एका मानसोपचार केंद्रात काम करीत होते. चोरी करणारी ४४ मुले त्यांनी तपासली आणि त्यांची तुलना त्याच केंद्रात आलेल्या, पण चोरी न करणाऱ्या दुसऱ्या ४४ मुलांशी केली. हा अभ्यास १९४४ साली छापला गेला. चोरी करणाऱ्या मुलांपैकी १४ मुले त्यांना अशी आढळली, की ज्यांना कोणाबद्दलच माया उरलेली नव्हती. शाबासकी द्या, शिक्षा करा, सारखेच. या १४ मुलांचे बालपण तपासले, तेव्हा त्यांतली १२ मुले अगदी लहान वयात दीर्घकाळ आईपासून तुटलेली निघाली. चोरी करणाऱ्या उरलेल्या ३० मुलांत अशी ५ होती, आणि चोरी न करणाऱ्या ४४ मुलांत केवळ २. अभ्यास लहान होता आणि पुढे त्यावर वादही झाले. परंतु मुलाच्या गुन्ह्याचा माग त्याच्या पाळण्यापर्यंत काढता येतो, ही दृष्टी त्यातून आली.

त्यानंतर पुष्कळ मोठे अभ्यास झाले. १९९८ साली अमेरिकेतील फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी बालपणातील आघातांची एक यादी प्रसिद्ध केली. पुढे ती दहा बाबींची झाली. मारहाण, सतत अपमान, लैंगिक अत्याचार, पोटाची आबाळ, मायेची आबाळ, घरात आईला होणारी मारहाण, घरातले व्यसन, घरातला मानसिक आजार, आईबापांची ताटातूट आणि घरातले माणूस तुरुंगात जाणे, अशी ही यादी आहे. साध्या माणसांना विचारले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांनी यातले आपल्याला काहीच भोगावे लागले नाही, असे सांगितले. मग फ्लॉरिडा राज्यात गुन्ह्याखाली आलेल्या ६४ हजारांहून अधिक मुलांची माहिती त्याच यादीवरून तपासली गेली; ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. यातला एकही आघात न झालेली मुले तिथे शेकडा तीनसुद्धा भरली नाहीत. सुमारे निम्म्या मुलांच्या वाट्याला चार किंवा त्याहून अधिक आघात आले होते.

मात्र इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. नाही तर या माहितीचा उपयोग होण्याऐवजी दुरुपयोगच व्हायचा. कॅथी विडम या संशोधिकेने १९८९ साली आणखी एक हिशोब मांडला. लहानपणी छळ किंवा आबाळ सोसलेली, आणि तशी न्यायालयात नोंद असलेली ९०८ मुले तिने घेतली. शेजारी तशी नोंद नसलेली ६६७ मुले ठेवली. पुढे अल्पवयातच अटक झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा २६ होते, दुसऱ्यात शेकडा १७. म्हणजे फरक निश्चित आहे. पण उलट बाजूनेही तो आकडा वाचा. छळ सोसलेल्या शंभरांतली चौऱ्याहत्तर मुले त्या वाटेला गेलीच नाहीत! तेव्हा ज्याचा बाप पितो, ज्याची आई सोडून गेली, ज्याचे आईबाप ऊसतोडीला गेले आणि जो म्हाताऱ्या आजीपाशी राहिला, त्या प्रत्येक मुलाकडे उद्याचा चोर म्हणून पाहणे हा अन्याय आहे. दुःख सोसणारे मूल हे संशयित नव्हे. त्याला पाठीशी कोणीतरी हवे आहे, एवढाच याचा अर्थ.

आता असे का होते, ते पाहू. ज्वारी हुरड्याला आली, की आपण शेतात माळा घालतो आणि त्यावर राखण्या बसवतो. हातात गोफण. पाखरू दिसले, की भिरकावला दगड. तेच त्याचे काम. पण समजा सुगी सरली, कणसे खुडली, खळे झाले, तरी तो राखण्या माळ्यावरून उतरलाच नाही. रात्रंदिवस जागा राहून वाटेने येणाऱ्या पाव्हण्यावरही दगड टाकू लागला, तर? त्याला आपण वेडा म्हणू. पण त्याला माळ्यावर बसवला कोणी, हे विसरून चालेल काय?

ज्या घरात रोज भीती असते, त्या घरातल्या मुलाच्या डोक्यात असाच एक राखण्या बसतो. माणसाच्या मेंदूत धोका ओळखणारी व्यवस्था असते. धोका दिसला, की छाती धडधडते, हातपाय ताठरतात, विचार बाजूला राहतो आणि शरीर पळायला किंवा मारायला सिद्ध होते. साप दिसला तर हे उपयोगी आहे. पण साप रोज संध्याकाळी दारू पिऊन घरी येत असेल, तर ही व्यवस्था कधी विसावतच नाही. मग गुरुजींनी फळ्याकडे हात उचलला तरी मूल दचकते. कोणी सहज धक्का दिला तरी ते अंगावर धावून जाते. कोणी नुसते रोखून पाहिले, तरी त्याला वाटते, हा आता मारणार. काही मुलांचे याच्या उलट होते. ती दगडासारखी गप्प होतात, मार दिला तरी डोळ्यांतून टिपूस येत नाही, आणि आपण म्हणतो, "निगरगट्ट आहे." मुलींच्या बाबतीत हे गप्प होणे तर आपल्याला गुणच वाटतो. ती घरातून पळून जाईपर्यंत कोणाला काही कळत नाही.

अशा मुलाला उद्याचा विचार करणे कठीण जाते. उद्याचा विचार करायला आज सुरक्षित असावा लागतो. त्याला घरात जागा नसते, वर्गात मान नसतो. आणि नेमक्या अशा वेळी स्टँडवरची ती दोन थोराड पोरे त्याला चहा पाजतात, "आपला भाऊ आहे" म्हणतात. पुष्कळ वेळा मूल पैशासाठी जात नाही, श्रोतेहो. ते त्या एका शब्दासाठी जाते.

ज्याची केबल गेली तो शेतकरी बंधू हे ऐकत असेल, तर तो विचारील, "मग काय, माझं नुकसान पोराच्या दुःखात वाहून गेलं समजू?" प्रश्न रास्त आहे. नाही, तसे मुळीच नाही. कारण समजून घेणे म्हणजे कृत्य माफ करणे नव्हे. चोरी ती चोरीच. मुलाने ती कबूल करावी, ज्याचे नुकसान केले त्याच्यासमोर उभे राहावे, त्याचे कष्ट काय होते ते ऐकावे आणि आपल्या हातांनी जमेल तेवढी भरपाई करावी. हे त्या मुलाच्याही हिताचे आहे. पण भरपाई करायला लावणे निराळे आणि खांबाला बांधून मारणे निराळे. ज्याला आयुष्यभर मारच मिळाला, त्याला आणखी मारून आपण नवे काय शिकवतो? हेच, की ज्याच्या हातात काठी त्याचेच खरे. तो धडा त्याने घरी पाठ केलेलाच असतो.

आणि मारण्याच्या बाबतीत आपली शाळाही मागे नाही, हे शिक्षक बंधुभगिनींनी मन मोकळे ठेवून ऐकावे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत शाळेत जाणाऱ्या शंभरांतल्या ६५ मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचे सांगितले. त्यानंतर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोहोंना बंदी केली. घरी मार आणि शाळेतही मार, तर मुलाने जावे कुठे? स्टँडवरच ना?

कायद्यानेही आता आपला तिसरा प्रश्न विचारायला सुरुवात केली आहे. ही दृष्टी तशी नवी नाही. मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय १८९९ साली शिकागोत निघाले, आणि आपल्या मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा १९२४ साली झाला. आज देशात २०१५ चा बाल न्याय कायदा लागू आहे. अठरा वर्षांखालच्या अशा मुलाला हा कायदा गुन्हेगार म्हणत नाही. विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतो. शब्द अवघड आहे, पण त्याचा भाव सरळ आहे : कायद्याशी ज्याचा खटका उडाला ते मूल. अशा मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. त्या मंडळात एक दंडाधिकारी असतात आणि दोन समाजसेवक. त्यांतली एक तरी स्त्री असावी लागते.

आता मुख्य गोष्ट ऐका. मंडळ परिवीक्षा अधिकाऱ्याला सांगते, की पंधरा दिवसांत या मुलाची सामाजिक चौकशी करून अहवाल द्या. घर कसे आहे, शाळा कशी आहे, संगत कोणाची, कोणत्या परिस्थितीत हे घडले. सोळा वर्षांवरच्या मुलाने अतिशय घोर गुन्हा केला असेल, तर त्याला मोठ्या माणसासारखे चालवायचे की नाही, हे ठरवतानाही मंडळाला तो कोणत्या परिस्थितीत घडला, हे पाहावे लागते. हा अधिकारी गावात येईल तेव्हा शेजारणीने, गुरुजींनी, दुकानदाराने आपापल्या खिशातला तुकडा त्याच्या हाती द्यावा. "आम्हाला काय करायचंय" म्हणून दार लावून घेऊ नये. त्या अहवालावर मुलाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. मंडळ त्याला समज देऊन घरी पाठवू शकते, समाजोपयोगी काम देऊ शकते, देखरेखीखाली ठेवू शकते किंवा विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे पाठवू शकते. आणि ज्या मोठ्या माणसाने मुलाला गुन्ह्यात वापरले, त्याला याच कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तेव्हा गावाने आपला राग त्या दिशेलाही थोडा वळवावा.

आता सांगतो ती गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. हवाई बेटांपैकी कौआई नावाचे एक बेट आहे. तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुले प्रौढ होईपर्यंत काढला. त्यांतली बरीच मुले फार अवघड परिस्थितीतली होती. गरिबी, घरात भांडणे, बापाचे व्यसन, आईचे आजारपण, सारे काही एकत्र. तरीही अशा मुलांपैकी एक तृतीयांश मुले चांगली, कर्तबगार, मायाळू माणसे झाली. का झाली? त्यांच्या आयुष्यात निदान एक मोठे माणूस असे होते, की ज्याने त्यांना टाकले नाही. कोणाची आजी, कोणाची मावशी, कोणाचा शेजारी. आणि पुष्कळांनी नाव घेतले ते आपल्या शिक्षकाचे. आणखी एक गोष्ट दिसली. लहान वयात ज्यांच्या नावावर गुन्हे लागले होते, त्यांतलेही बहुतेक जण पुढे मार्गाला लागले.

एक माणूस! शंभर योजना नव्हेत, मोठी इमारत नव्हे. एक माणूस, पण न बदलणारे.

शिक्षक बंधुभगिनींनो, ते माणूस होण्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही. काही साध्या गोष्टी लागतात. नियमित येणारे मूल अचानक गैरहजर राहू लागले, वर्गात पेंगू लागले, खाऊ दडवून ठेवू लागले, विनाकारण भांडू लागले, तर ती खोडी समजू नका. ती खूण समजा. त्याला चारचौघांत उभे करून "का केलंस?" म्हणून विचारू नका. बाजूला घ्या आणि विचारा, "जेवलास का? काल रात्री झोपला होतास कुठे?" पहिल्या दिवशी तो उत्तर देणार नाही. दहाव्या दिवशीही देणार नाही कदाचित. तरी रोज विचारा. त्याच्याकडे एखादे छोटे काम सोपवा. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली असो, झाडांना पाणी घालणे असो. ज्याच्यावर कोणीच विश्वास टाकला नाही, त्याच्या हाती किल्ली देणे हे फार मोठे औषध आहे. आणि जो बाप मारतो, त्याच्याच हाती तक्रारीची चिठ्ठी पाठवू नका. ती चिठ्ठी मुलाच्या पाठीवर उमटते.

मूल काही सांगू लागले, तर "कोणाला सांगणार नाही" असे वचन मात्र देऊ नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलाला एवढेच सांगा, "तुझी चूक नाही, आणि जे करीन ते तुला सांगून करीन." संकटातल्या मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. गावागावात ग्राम बाल संरक्षण समिती असावी, अशीही योजना आहे. आपल्या गावची समिती कागदावर आहे की पारावर बसते, हे ग्रामसभेत उठून विचारायला काय हरकत आहे? खिशाखिशांतले तुकडे एकत्र करायची तीच तर जागा आहे, आणि तेही केबल कापली जाण्याच्या आधी.

शेवटी राहिला तो परत येण्याचा दिवस. उदाहरणातला आपला मुलगा एक दिवस निरीक्षणगृहातून गावात परत येईल. कायदा सांगतो, की बाल न्याय कायद्याखाली चौकशी झालेल्या अशा मुलाला पुढे त्या गुन्ह्यामुळे नोकरीला किंवा शिक्षणाला बाध येऊ नये, आणि त्याची ओळख वर्तमानपत्रांतून उघड करू नये. पण गावाची जीभ कायद्याला बांधता येत नाही. दुकानदार त्याला पाहून गल्ल्यावर हात ठेवील, मुले "केबलचोर" म्हणून हाका मारतील. आणि स्टँडवर ती दोघे त्याची वाट पाहत असतीलच. त्यांच्याकडे त्याच्यासाठी चहाही आहे आणि बाकावर जागाही.

त्या दिवशी शाळेच्या फाटकाशी कोणी गुरुजी किंवा बाई उभ्या असतील आणि म्हणतील, "आलास? बरं झालं. बस जागेवर," तर पारडे या बाजूला झुकेल. ज्याची केबल गेली त्या शेतकऱ्याने त्याला सुटीच्या दिवशी विहिरीवर कामाला बोलावून घेतले आणि दुपारी आपल्यासोबत भाकरीला बसवले, तर आणखी झुकेल. एवढे करायला गावात एकजण पुरे आहे. ते एकजण कोण, हे मात्र मूल परत येण्याच्या आधी ठरलेले असावे.